तान्हुल्याचा आकांत आणि आवाजाची ऊब

घरात तान्हे बाळ आले की तिन्हीसांजेची वेळ वडीलधाऱ्यांची कसोटी पाहते. दिवसभर दूध पिऊन शांत निजणारे बाळ दिवेलागणीला एकाएकी रडू लागते. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले, चेहरा लालबुंद. पाजून होते, दुपटे बदलून होते, पोटाला हिंगाचा लेप लावून होतो, मीठ-मोहऱ्यांनी दृष्टही काढून होते; रडणे मात्र थांबत नाही. अशा वेळी स्वयंपाकघरात कोणी मिक्सर सुरू करते किंवा न्हाणीघरात नळ धो धो वाहू लागतो, आणि बाळ अचानक गप्प होऊन ऐकू लागते. हा अनुभव बहुतेक घरांना आहे.

आता हेच आवाज मोबाईलवर मिळू लागले आहेत. पावसाचा, धबधब्याचा, पंख्याचा, रेल्वेचा आवाज रात्रभर वाजत राहतो. ‘असा आवाज लावला तर चालतो का, किती मोठा लावावा आणि किती वेळ?’ हा प्रश्न दवाखान्यात हल्ली बाळाच्या आईबापांइतकाच आजी-आजोबाही विचारतात. प्रश्न योग्य आहे, कारण या उपायात खरा आराम आहे आणि निष्काळजीपणा झाला तर खरा धोकाही आहे. म्हणून आजच्या लेखासाठी हाच विषय घेतला आहे.

रडण्याचे वेळापत्रक

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी १९५४ मध्ये अशा रडण्याची एक व्याख्या केली. अन्यथा निरोगी असलेले बाळ दिवसातून तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल, तर त्याला पोटशूळ अर्थात कॉलिक म्हणावे, अशी ती ‘तीनची’ व्याख्या. आज डॉक्टर तासांचा इतका काटेकोर हिशेब धरत नाहीत. २०१६ पासून रूढ झालेल्या निकषांनुसार, पाच महिन्यांहून लहान बाळ उघड कारणाशिवाय वारंवार व दीर्घकाळ रडते, समजूत पटत नाही, पण त्याला ताप नाही, आजार नाही आणि त्याची वाढही नीट आहे, एवढे निदानाला पुरते.

१९६२ मध्ये टी. बेरी ब्रॅझल्टन या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी मातांकडून रडण्याच्या रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या. त्यांत असे आढळले की जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून निरोगी बाळांचेही रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचते आणि मग हळूहळू उतरते. त्या सहाव्या आठवड्यात सर्वसाधारण बाळ दिवसाकाठी जवळजवळ पावणेतीन तास रडत होते, आणि त्यातले बरेचसे रडणे संध्याकाळच्या सुमारास एकवटलेले होते.

आपल्या घरांतील रिवाजाशी हे वेळापत्रक ताडून पाहावे. सव्वा महिना पुरा होतो, बाळंतिणीचे घराबाहेर पडणे सुरू होते, पाहुणे येऊ लागतात, कधी प्रवास घडतो. आणि नेमक्या त्याच सुमारास बाळाचे रडणे वाढते. मग दोष प्रवासाला, पाहुण्यांच्या नजरेला किंवा बाळंतिणीच्या जेवणाला दिला जातो. वास्तविक माहेरच्या खोलीतून बाळ हललेही नसते, तरी सहावा आठवडा हा रडण्याचा भर असलेला आठवडाच ठरला असता. तिन्हीसांजेला बाळ रडते, हे आपल्या पूर्वजांचे निरीक्षण अचूक होते. त्याचे कारण मात्र बाळाच्या अजून घडी न बसलेल्या मज्जासंस्थेत असावे, नजरेत नाही.

पोटाविषयीही एक गैरसमज दूर व्हायला हवा. पाय पोटाशी ओढणे ही वायू धरल्याची खूण मानली जाते. प्रत्यक्षात कोणत्याही कारणाने जोराने रडणारे तान्हे बाळ पाय ओढतेच. रडताना ते हवाही गिळते, ती नंतर खालून सुटते आणि ‘वायूच होता’ असा आपला समज पक्का होतो. कॉलिकचे एकच एक कारण आजवर निश्चित झालेले नाही. थोड्या बाळांत गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी आढळते. बहुतेकांत तिसरा-चौथा महिना उलटताच हा त्रास आपोआप ओसरतो. तोवर बाळाला आणि घराला तारून नेणे एवढेच आपल्या हाती असते, आणि तेथे आवाजाचा उपयोग होतो.

गर्भातील गजबज

मातेचे उदर ही शांत जागा असावी, अशी आपली कल्पना असते. ती चुकीची आहे. तेथे मातेच्या हृदयाचे ठोके, मोठ्या रक्तवाहिन्यांतील प्रवाहाची सळसळ, आतड्यांची गुरगुर आणि या सर्वांतून झिरपत येणारा तिचा आवाज सतत असतो. गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ हे सगळे ऐकत असते. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की जन्मल्यानंतर तीन दिवसांच्या आतच बाळ आपल्या आईचा आवाज ओळखते आणि परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा तो अधिक पसंत करते.

अशा गजबजीतून आलेल्या जिवाला आपण एका निःशब्द खोलीत ठेवतो, दारे लोटून घेतो आणि सर्वांना कुजबुजत बोलायला सांगतो. सलग, एकसुरी आवाज त्याला परिचित वाटत असावा, असे म्हणण्यास जागा आहे. दुसरी गोष्ट अशी की दाराची बेल, भांडे पडणे, कुत्र्याचे भुंकणे असे आवाज शांततेत एकदम टोचतात. मागे एकसारखी घरघर असेल तर ते तीत मिसळून जातात आणि बाळ दचकत नाही.

या सलग आवाजाला इंग्रजी शब्द वापरून ‘व्हाइट नॉइज’ म्हणतात. पांढऱ्या प्रकाशात जसे सर्व रंग मिसळलेले असतात, तसे या आवाजात खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर समप्रमाणात मिसळलेले असतात. जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये काटा अडकला की येणारी खरखर आपल्या पिढीला आठवत असेल; ते याचे उत्तम उदाहरण.

१९९० मध्ये ब्रिटनमधील एका अभ्यासात दोन ते सात दिवसांच्या ४० नवजात बालकांचे २०-२० चे दोन गट केले गेले. ज्यांना व्हाइट नॉइज ऐकवला त्यांतील १६ बाळे पाच मिनिटांत झोपली. ज्यांना ऐकवला नाही त्यांतील फक्त ५. परिणाम स्पष्ट आहे. मात्र ही बाळे कॉलिकची नव्हती, त्यांची संख्या लहान होती, आणि अभ्यास झोप लागण्याचा होता, पोटशूळ बरा होण्याचा नव्हता. आवाज कॉलिक बरा करत नाही. तो काही बाळांना काही वेळ शांत करतो, आणि तेवढ्या वेळात आईला घास खाता येतो. ही अपेक्षा ठेवली तर निराशा होत नाही.

वडीलधाऱ्यांच्या कानांविषयी

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला, त्याकडे वळतो. काही महिन्यांपूर्वी सत्तरी उलटलेले एक आजोबा नातवाला घेऊन आले. बाळ दोन महिन्यांचे. मोबाईलवर पावसाचा आवाज लावून ते नातवाला निजवत असत, आणि खरोखरच बाळ निजत असे. आवाज किती ठेवता, असे विचारताच त्यांनी तो तेथेच लावून दाखवला. फोन पूर्ण आवाजावर होता आणि तो पाळण्यात उशाशी ठेवला जात असे. माझ्या खोलीबाहेर बसलेले रुग्ण दाराकडे पाहू लागले. आजोबांना मात्र तो आवाज ‘बारीकसा’ वाटत होता. त्यांच्या प्रेमात काही उणे नव्हते. त्यांच्या कानांना जे ऐकू येत होते, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता.

वय वाढले की ऐकणे कमी होते, हे आपण जाणतो. ते कसे कमी होते, हे फारसे कोणी सांगत नाही. वार्धक्यातील बहिरेपण आधी वरच्या पट्टीतील स्वर हिरावून घेते. माणसाचे बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटतात. पावसाची सरसर आणि व्हाइट नॉइजची खरखर यांतही हेच वरचे स्वर भरलेले असतात. म्हणजे ज्या आवाजाने बाळाला निजवायचे, नेमका तोच आवाज आजी-आजोबांना खऱ्यापेक्षा खूपच लहान वाटतो. उलट तान्ह्या बाळाची कर्णनलिका आखूड आणि अरुंद असल्यामुळे असे स्वर त्याच्या पडद्यावर मोठ्यांच्या मानाने अधिक जोराने आदळतात.

टोरोंटो येथील संशोधकांनी २०१४ मध्ये बाळांना निजवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या १४ यंत्रांचा आवाज मोजला. पूर्ण आवाजावर एक फुटाच्या अंतरावरून सर्वच यंत्रे ५० डेसिबलच्या वर गेली. इस्पितळातील नवजात शिशुकक्षासाठी शिफारस केलेली मर्यादा तेवढी आहे. त्यांतील तीन यंत्रे ८५ डेसिबलच्याही वर होती. कारखान्यातील प्रौढ कामगाराने आठ तासांहून अधिक वेळ ऐकू नये, अशी ही पातळी आहे. कामगार पाळी संपली की घरी जातो. पाळण्यातले बाळ उठून जाऊ शकत नाही.

म्हणून आवाजाची पातळी ठरवण्याचे काम घरातील तरुण कानांवर सोपवावे. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. पाळण्यापाशी, बाळाच्या डोक्याच्या उंचीवर आपले डोके आणून घरातील तरुण व्यक्तीने नेहमीच्या आवाजात बोलावे. बोलण्यासाठी आवाज चढवावा लागला, तर तो आवाज फार मोठा आहे. दूरच्या खोलीतून वाहत्या नळाचा येतो तेवढा पुरे. एकदा पातळी ठरली की फोनवर ती खूण लक्षात ठेवावी आणि कितीही रडले तरी तिच्यावर जाऊ नये.

घरात काय करावे

पहिला आवाज माणसाचा असावा. बाळाला छातीशी घेऊन ‘श्श्श्’ असा लांब श्वासाचा आवाज करणे, ओठ मिटून गुणगुणणे, अंगाई किंवा पाळणा म्हणणे, संथ लयीत नामजप करणे. यांत आवाजाबरोबर छातीचे कंपन, अंगाची ऊब आणि परिचित वास हेही बाळाला मिळतात. आजीच्या छातीतून उमटणारा खर्जातील हुंकार कोणत्याही यंत्रातून निघत नाही. सुरात गाता येत नाही म्हणून संकोच करू नये. बाळाला सुराची चिकित्सा नसते. त्याला सातत्य हवे असते.

माणूस थकला की वस्तूंची मदत घ्यावी. भिंतीकडे तोंड केलेला टेबलफॅन, बंद दाराआड वाहणारा नळ (खाली बादली ठेवावी, पाणी वाया जाऊ नये) किंवा हलक्या आवाजातील इलेक्ट्रॉनिक तानपुरा, हे सर्व चालते. टेबलफॅनचा झोत बाळावर येऊ देऊ नये. मिक्सर मात्र मुद्दाम लावू नये. तो फार मोठा असतो, आणि त्याने बाळ गप्प होते ते पुष्कळदा शांत झाल्यामुळे नव्हे, तर दचकल्यामुळे.

मोबाईल वापरायचाच असेल तर तो पाळण्यात, झोळीत किंवा उशाशी कधीही ठेवू नये. बाळापासून किमान सात फूट दूर ठेवावा. मोकळ्यावर अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत भिंतींमुळे थोडा कमी उतरतो, तरी अंतरासारखे सोपे संरक्षण दुसरे नाही. आवाज आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाकावा, म्हणजे मध्येच मोठ्याने जाहिरात किंवा रिंग वाजणार नाही. टायमर लावावा आणि बाळ झोपले की आवाज हळूहळू कमी करून बंद करावा. दिवसभर किंवा रात्रभर तो सुरू ठेवू नये. जागेपणी बाळाला घरातील बोलणे ऐकू यायला हवे. भाषा त्यातूनच रुजते.

आवाजाबरोबर हालचाल असली तर गुण अधिक येतो. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये एक सोपा क्रम सुचवला. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे संथ चालावे, ते झोपल्यावर पाच ते आठ मिनिटे कुशीत घेऊन बसावे आणि मगच अंथरुणावर ठेवावे. डोळा लागताच खाली ठेवलेले बाळ पुन्हा का जागे होते, याचे उत्तर या मधल्या बसण्यात आहे. गुडघे दुखणाऱ्या आजींनी चालण्याचा हट्ट धरू नये. पाठ टेकून खुर्चीत बसावे आणि अंग हलकेच पुढे-मागे डोलवावे. ओल्या किंवा गुळगुळीत फरशीवर, रात्री कमी उजेडात बाळाला घेऊन फिरू नये.

झोपवताना बाळ नेहमी पाठीवर असावे. आसपास उशा, मऊ खेळणी, सैल पांघरुणे नसावीत. बाळाला छातीवर घेऊन सोफ्यावर वा आरामखुर्चीत स्वतः डुलकी घेणे फार धोक्याचे आहे. आपले डोळे जड होऊ लागले की बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावे किंवा पाळण्यात ठेवावे.

काय देऊ नये

तान्ह्याला निजवण्यासाठी काहीतरी चाटवण्याची आपली प्रथा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या अनेक स्त्रियांना आपली तान्ही मुले अफूची गोळी देऊन मागे ठेवावी लागत. त्या माता निर्दय नव्हत्या, निरुपाय होत्या. आज अफू गेली. पण झोप लागावी म्हणून सहाणेवर उगाळलेले जायफळ चाटवणे, मधाचे बोट देणे, दुकानातून परस्पर पोटदुखीचे थेंब आणणे हे सुरूच आहे. जायफळाची मात्रा उगाळताना कळत नाही आणि ते गुंगी आणते. मधातून एक वर्षाखालील बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डायसायक्लोमिन हे औषध असलेले थेंब सहा महिन्यांखालील बाळांना देऊ नयेत. त्यांनी श्वासोच्छ्वासावर परिणाम होऊ शकतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, आणि औषध डॉक्टरांनी सांगितले तरच. ओव्याची वा वेखंडाची धुरीही बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही.

आवाजाने झाकू नये असे रडणे

व्हाइट नॉइजचा एक तोटा असा की तो आपली काळजीही झोपवतो. पुढील खुणा असतील तर आवाज लावत बसू नये, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, बाळ दाखवावे: तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध ओढणे बंद होणे, लघवी फार कमी होणे, टाळू फुगणे, श्वास लागणे, जांघेत गाठ दिसणे, क्षीण, कण्हल्यासारखे किंवा अगदी वेगळे, किंचाळल्यासारखे रडणे, बाळ मलूल पडणे. एकदा बाळाचे सर्व कपडे काढून हातापायांची बोटे पाहावीत. केसाचा किंवा दुपट्याचा धागा बोटाला गुंडाळला जाऊन ते सुजलेले असते आणि घरभर कॉलिकची चर्चा चालू असते. तसेच बाळ मोठ्या आवाजाला दचकतच नसेल किंवा जन्मानंतरची श्रवणतपासणी राहिली असेल, तर ती करून घ्यावी.

सांभाळणाऱ्याचा सांभाळ

बाळाचे रडणे कानाजवळ शंभर डेसिबलच्या पुढेही जाऊ शकते. तासन् तास ते ऐकून मनात संताप येणे हा मनाचा दुष्टपणा नव्हे. तो थकवा असतो. त्या संतापात बाळाला गदगदा हलवले जाणे मात्र भयंकर असते. मान धरत नसलेल्या बाळाच्या मेंदूत त्याने रक्तस्राव होतो, दृष्टी किंवा जीवही जाऊ शकतो. हात थरथरू लागले, दात आवळले गेले, की बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवावे, खोलीबाहेर जावे, पाणी प्यावे आणि पाच-दहा मिनिटांनी परत यावे. तेवढ्या रडण्याने बाळाला काही होत नाही. ही गोष्ट घरातील प्रत्येकाला, रात्रीच्या दाईलाही, आधीच सांगून ठेवावी.

सर्वांत अधिक जपायचे ते बाळंतिणीला. ‘तुझे दूध पुरत नाही’, ‘तू काहीबाही खाल्लेस’ ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. बाळ दिवसात सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. संध्याकाळी दोन तास बाळाला आपल्याकडे घेऊन तिला दुसऱ्या खोलीत निजू द्यावे. आजी-आजोबांनी द्यावी अशी याहून मोठी भेट नाही. ती सतत रडत असेल, बाळाकडे पाहवत नाही म्हणत असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, तर डॉक्टरांशी बोलावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

शेवटी एक सूचना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज बाळ केव्हा रडू लागले, किती वेळ रडले आणि कशाने शांत झाले, हे दोन शब्दांत लिहीत जावे. आठवडाभराची ती नोंद दवाखान्यात घेऊन यावी. तपासणीत ती आम्हाला फार उपयोगी पडते. आणि घरालाही तिचा एक लाभ होतो. सहावा-सातवा आठवडा उलटल्यावर ते आकडे हळूहळू खाली येऊ लागतात. रोजच्या आकांतात जो उतार कोणालाच जाणवत नाही, तो कागदावर दिसतो आणि पुढचे चार-सहा आठवडे निभावण्याचे बळ देतो.